चौथ्या धुराड्यातला धूर : जुनी छेदचित्रं वाचायची कशी

माझ्याकडे पहिलं छेदचित्र, म्हणजे वस्तू चिरून आतलं दाखवणारं चित्र, आलं ते रद्दीतून. जुन्या इंग्रजी साप्ताहिकांच्या गठ्ठ्यात एक दुपानी चित्र होतं. एक अजस्र बोट, कलिंगड चिरावं तशी उभी चिरलेली. आत जिने, बॉयलर, जेवणघर, कोळशाचे ढीग आणि मुंगीएवढी माणसं. चारही धुराड्यांतून झकास धूर निघालेला. रद्दीवाल्याने पन्नास सांगितले, तीसवर सौदा पटला. ती टायटॅनिक आहे हे ओळखायला वेळ लागला नाही. पण त्या चित्राचा बराच भाग काढणाऱ्याने कधी डोळ्यांनी पाहिलेलाच नव्हता, हे लक्षात यायला तीन-चार वर्षं गेली. मी पेशाने ड्राफ्ट्समन. सेक्शन, म्हणजे उभे छेद, काढण्यात हयात गेली, तरी फसलो. तुमची ती तीन-चार वर्षं वाचावीत म्हणून हे लिहितोय.

आधी हा प्रकार काय आहे ते

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये सचित्र साप्ताहिकांची चलती होती. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ १८४२ पासून निघत होतं, ‘द ग्राफिक’ १८६९ पासून, ‘द स्फिअर’ १९०० पासून. तोवर हाफटोन ब्लॉकमुळे (लहान-मोठ्या ठिपक्यांतून करड्या छटा छापणारा ठसा) फोटो छापणं सोपं झालं होतं. मग हाताने काढलेल्या चित्रांचं दुकान बंद व्हायला हवं होतं. झालं उलटंच. कॅमेरा भिंतीच्या आत शिरत नाही, बुडालेल्या बोटीपाशी जात नाही, आणि पुढच्या महिन्यात उघडणाऱ्या प्रदर्शनाचा फोटो आज काढता येत नाही. जिथे कॅमेऱ्याचे हात टेकले तिथे चित्रकार बसला. इमारत चिरून दाखवायची, भुयार उघडं करायचं, अपघात टप्प्याटप्प्याने मांडायचा, आणि हे सगळं आठवड्याच्या आत.

या कामातली दोन नावं पानाच्या कोपऱ्यात शोधायची सवय लावून घ्या. एक जी. एफ. मॉरेल, ‘ग्राफिक’मधली त्यांची वैज्ञानिक चित्रं बघण्यासारखी आहेत. दुसरे जी. एच. डेव्हिस. पहिल्या महायुद्धात वैमानिक, १९२३ पासून ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये, आणि १९६३ मध्ये मृत्यू होईपर्यंत तिथेच. विमान, पाणबुडी, धरण, जे हाती येईल ते त्यांनी उघडून दाखवलं. सही सहसा खाली उजवीकडे किंवा डावीकडे असते आणि बाइंडिंगवाल्याची कात्री नेमकी तिथेच चालते.

सामान

फार काही लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग (घड्याळवाले डोळ्याला लावतात ते चालतं), स्टीलची पट्टी, साधा कॅल्क्युलेटर, आणि निळी, हिरवी, लाल अशा तीन रंगीत पेन्सिली. पेन्सिली झेरॉक्सवर वापरायच्या, मूळ पानावर नाही. हे दोनदा सांगतोय असं समजा.

मूळ पान हवंच असं काही नाही. ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर या साप्ताहिकांचे कितीतरी खंड फुकट मिळतात. अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने जुनी वर्तमानपत्रं खुली ठेवली आहेत. ‘ब्रिटिश न्यूजपेपर अर्काइव्ह’ला पैसे पडतात, पण शोध चांगला चालतो. एक अडचण मात्र येते. दुपानी चित्र स्कॅन करताना मधली पट्टी शिलाईत जाते, आणि बोटीचा मधलाच भाग, म्हणजे जो बघायचा तोच, गायब होतो. अशा वेळी दुसऱ्या ग्रंथालयाची प्रत शोधा. त्यांचं बाइंडिंग कदाचित सैल असेल.

आपल्याकडे पुण्याच्या चित्रशाळा प्रेसने १९१० मध्ये ‘चित्रमयजगत्’ सुरू केलं. त्याचे जुने खंड एखाद्या ग्रंथालयात दिसले तर सोडू नका. जगातल्या घडामोडी चित्रांतून मराठी वाचकाच्या घरी कशा येत होत्या, ते त्यात कळतं.

पहिलं काम : कागद खरा आहे का

भिंग लावा आणि चित्रातल्या एखाद्या करड्या भागावर जा, आकाश किंवा भिंतीची सावली. काळे ठिपके ओळीत मांडलेले दिसतील, गडद जागी मोठे, फिकट जागी बारीक. हा हाफटोन ब्लॉक. नुसत्या रेघाच रेघा दिसल्या तर तो लाइन ब्लॉक किंवा त्याआधीचं लाकडावरचं कोरीव काम. दोन्ही ठीक. पण काळ्या चित्रात निळे, गुलाबी, पिवळे ठिपके दिसले तर पान खाली ठेवा आणि दुकानातून बाहेर पडा. ती आजकालच्या चाररंगी छपाईतली नक्कल आहे. मी असं एक पान ‘अस्सल जुनं’ म्हणून चांगल्या किमतीला घेतलंय. चहाच्या पाण्याने छान तपकिरी केलेलं होतं. भिंग त्या दिवशी घरी राहिलं होतं.

मग पान उलटा. नवखा माणूस हे हमखास विसरतो. मागच्या बाजूला जाहिरात असेल, दुसरी बातमी असेल, कधी नाटकाचं परीक्षण. चित्राची तारीख पुष्कळदा पुढच्यापेक्षा मागच्या पानावरून लवकर सापडते. वरच्या समासात साप्ताहिकाचं नाव आणि तारीख छापलेली असते, ती कापली गेली नसेल तर प्रश्नच मिटला.

तारीख लावणं

समास कापलेला असेल तर चित्रालाच विचारायचं. माझी दोन आवडती उदाहरणं देतो.

लंडनच्या पिकॅडिली सर्कसखालचं भुयारी स्टेशन नव्याने बांधून १० डिसेंबर १९२८ ला सुरू झालं. जमिनीखाली मोठं गोल दालन आणि तिथून आणखी खाली जाणारे ११ सरकते जिने. छेदचित्र काढणाऱ्यांना ही मेजवानीच होती, वर बस आणि माणसांची गर्दी, खाली वारुळ. आता चौकाच्या मधोमध बघा. तो प्रसिद्ध पंखवाला पुतळा, लोक ज्याला ‘इरॉस’ म्हणतात, आहे का? बांधकामासाठी १९२५ मध्ये तो हलवला होता आणि १९३१ मध्ये परत आणला. पुतळा नसेल तर चित्र त्या सहा वर्षांतलं असण्याचा संभव दांडगा. पुतळा असेल तर मात्र लगेच निकाल देऊ नका. ‘उद्या असं दिसेल’ म्हणून चित्रकाराने तो आधीच बसवलेला असू शकतो.

दुसरं उदाहरण जाहिरातीचं. व्हाइट स्टार लाइन या बोटकंपनीने ‘ऑलिम्पिक’ आणि ‘टायटॅनिक’ या जुळ्या बोटींसाठी एक चित्र छापलं होतं. बोट शेपटीवर उभी केलेली आणि शेजारी जगातल्या उंच इमारती. कलोनचं कॅथेड्रल ५१६ फूट, वॉशिंग्टन स्मारक ५५५, मेट्रोपॉलिटन टॉवर ७००, न्यू वूलवर्थ बिल्डिंग ७५०, आणि सगळ्यांच्या वर बोट, ८८२½ फूट. बोट अशी उभी राहत नसते आणि लांबीची उंचीशी तुलना म्हणजे नागाची ताडाशी तुलना. तरी डोळा फसतो. पण तो ७५० चा आकडा बघा. न्यूयॉर्कची वूलवर्थ इमारत १९१३ मध्ये पूर्ण झाली तेव्हा तिची उंची ७९२ फूट भरली. म्हणजे चित्र निघालं तेव्हा ती इमारत पूर्ण व्हायची होती आणि चित्रकाराकडे जाहीर झालेला जुना आकडा होता. चित्रात एखादा आकडा ‘चुकलेला’ दिसला की मी खूश होतो. चुकीचा आकडा तारीख सांगतो, बरोबर आकडा काहीच सांगत नाही.

छेद कुठून घेतलाय

आता चित्र कसं कापलंय ते ओळखा. उभा कापून समोरून दाखवलं असेल तर तो सेक्शन. वरून सपाट दाखवलं तर प्लॅन. पक्ष्याच्या नजरेने तिरकं दाखवलं तर विहंगम दृश्य. आणि बाहेरची भिंत तेवढी फोडून आत डोकावू दिलं असेल तर ते खरं साप्ताहिकी छेदचित्र. यात फुटलेल्या भिंतीची कड मुद्दाम वेडीवाकडी काढतात, पावाचा तुकडा तोडल्यासारखी. ती कड कुठून कुठे जाते ते बोटाने फिरवून बघा. चित्रकाराला जे माहीत होतं ते त्याने उघडलं आणि जे माहीत नव्हतं तिथे भिंत शाबूत ठेवली. सगळीकडेच असं असतं असं नाही, पण मी तरी आधी शाबूत भिंतीकडे बघतो.

पट्टी लावणं

टायटॅनिकची लांबी ८८२ फूट ९ इंच. तळाच्या कण्यापासून धुराड्याच्या टोकापर्यंत सुमारे १७५ फूट. म्हणजे लांबी उंचीच्या पाचपट. चित्रात बोट ४० सेंटिमीटर लांब असेल तर तळापासून धुराड्याच्या टोकापर्यंत जेमतेम ८ सेंटिमीटर भरायला हवं. माझ्या पानावर ते साडेदहा भरलं! पानाचा आकार भरून काढायला बोट उंच केली होती. सरळ समोरून काढलेल्या चित्रालाच ही कसोटी लावा. तिरक्या चित्रात मापं आखडतात, तिथे पट्टी खोटं बोलते.

तिरक्या चित्रात माणसं मोजा. पुरुषाची उंची साडेपाच फूट धरा आणि शेजारच्या दाराशी ताडून बघा. दार माणसाच्या अडीचपट निघालं तर इमारत ‘भव्य’ करण्यासाठी माणसं बारीक केली आहेत. प्रदर्शनांच्या चित्रांत हे सर्रास दिसतं.

तीन पेन्सिली

इथपर्यंतचं सगळं तयारीचं होतं. खरं वाचन आता. चित्राची झेरॉक्स घ्या आणि प्रत्येक भागाला रंग द्या. मोजून काढलेलं ते निळं, कुणी सांगितल्यावरून काढलेलं ते हिरवं, मनाने काढलेलं ते लाल. छापताना तिन्ही एकाच काळ्या शाईत, एकाच ठाम रेघेत छापले गेलेत. साप्ताहिक कधीच सांगत नाही की हा जिना आराखड्यावरून घेतलाय आणि ही फट आम्ही कल्पली आहे. ती फोड आपली आपण करायची.

टायटॅनिकच करून बघू.

बोट हिमनगाला घासली १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११.४० ला, बुडाली १५ तारखेच्या पहाटे. तो सोमवार. वाचलेल्या माणसांना घेऊन ‘कार्पेथिया’ ही बोट न्यूयॉर्कला लागली गुरुवारी १८ ला रात्री. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’चा अंक शनिवारी २० तारखेचा. आता सांगा, वाचलेल्यांच्या तपशीलवार हकिकती लंडनला कधी पोचणार, चित्र कधी काढून होणार आणि ब्लॉक कधी बनणार? त्यामुळे २० एप्रिलच्या पानावरचं बुडणं म्हणजे तारेने आलेल्या चार ओळी आणि बाकी कल्पना. झेरॉक्सवर मोठा लाल डाग.

बोटीचं पोट मात्र निळं. बांधणीची रेखाटनं आणि तपशील १९११ मध्येच ‘शिपबिल्डर’ या नियतकालिकाच्या विशेषांकात छापून आले होते, बॉयलर कुठे, जिने कुठे, पाणी अडवणाऱ्या आडव्या पोलादी भिंती किती. त्या भिंती १५, त्यामुळे कप्पे १६. चित्रात कप्पे मोजा, सोळा भरले तर चित्रकाराने घरचा अभ्यास केलाय.

पण तो अभ्यास कोणत्या बोटीचा? ‘ऑलिम्पिक’ आधी सुरू झाली होती, तिचे फोटो भरपूर होते, आणि घाईत तेच ‘टायटॅनिक’ म्हणून छापले गेले. वरून दुसरा, म्हणजे ‘ए’ डेक बघा. टायटॅनिकवर त्याचा पुढचा अर्धा भाग खिडक्या लावून बंद केलेला होता, ऑलिम्पिकवर तो सबंध लांबीभर उघडा. डेक टोकापासून टोकापर्यंत उघडा दिसला तर तुमच्या हातातली बोट थोरली बहीण आहे.

मग धुराडी. बॉयलरचा धूर पहिल्या तीनमधूनच जायचा. चौथं मुख्यतः हवा खेळवण्यासाठी होतं, आणि चार धुराडी म्हणजे बोट दणकट, असा प्रवाशांचा समज होता म्हणूनही. चित्रात चौथ्यातून काळाकुट्ट लोट निघत असेल तर तिथे लाल पेन्सिल.

हिमनगाने पाडलेलं भगदाड हा सगळ्यात लाल भाग. त्या काळच्या चित्रांत बोटीच्या कुशीवर लांबच लांब फाटलेली चीर दिसते, तीनशे फुटांची, धोतर काट्याला अडकून टराटरा फाटावं तशी. बोट बांधणाऱ्या कंपनीतले नौकारचनाकार एडवर्ड वाइल्डिंग यांनी १९१२ च्या ब्रिटिश चौकशीतच हिशेब मांडला होता की पाणी ज्या वेगाने शिरलं त्यावरून छिद्रांचं एकूण क्षेत्रफळ सुमारे १२ चौरस फूट असावं. साधारण एका खिडकीएवढं. १९९६ मध्ये ध्वनिलहरींनी गाळाखालची बाजू तपासली तेव्हा अरुंद फटींची रांगच सापडली. पण १२ चौरस फुटांच्या बारीक फटी दुपानी चित्रात दिसणार कशा? दिसायला चीरच हवी. म्हणून चीरच काढत राहिले.

हिरव्या पेन्सिलीचं काम सर्वांत अवघड. अमेरिकेतल्या वृत्तपत्रांत सहा टप्प्यांचं एक रेखाटन आलं. कार्पेथियावरचे एक प्रवासी एल. पी. स्किडमोर यांनी ते जॅक थेयर या वाचलेल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या सांगण्यावरून काढलं होतं. त्यात बोट दोन तुकड्यांत मोडते. वाचलेल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने मात्र बोट अखंड बुडाल्याचं सांगितलं, ब्रिटिश चौकशीनेही तेच मानलं. १९८५ मध्ये सांगाडा सापडला तो दोन तुकड्यांत. पोराचं खरं होतं.

पण म्हणून सबंध रेखाटन निळं करून टाकू नका. त्यात मोडल्यावर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पुन्हा पाण्याबाहेर वर येताना दाखवलीय, आणि ते बोट ज्या तऱ्हेने बुडाली त्याच्याशी जुळत नाही. एकाच साक्षीदाराच्या एकाच चित्रात एक रेघ सोन्यासारखी आणि शेजारची कच्ची. हिरवा रंग म्हणजे ‘खरं’ नव्हे आणि ‘खोटं’ही नव्हे. कुणी पाहिलं, कुठून पाहिलं, आणि कागदावर कुणी उतरवलं, हे तीन प्रश्न त्या रेघेच्या शेजारी लिहून ठेवायचे.

प्रदर्शनांची चित्रं

इथे लाल पेन्सिल लवकर झिजते. कारण साधं आहे. प्रदर्शनाचं विहंगम चित्र उद्घाटनाच्या आधी छापायचं असतं आणि तेव्हा जागेवर चिखल असतो. १९०८ चं फ्रँको-ब्रिटिश प्रदर्शन घ्या, लंडनच्या शेफर्ड्स बुशमधलं, सुमारे १४० एकर, इम्रे किराल्फी यांनी उभं केलेलं. पांढऱ्याशुभ्र गिलाव्यामुळे त्या जागेला ‘व्हाइट सिटी’ नाव पडलं. १४ मे रोजी उद्घाटन झालं ते पावसात, आणि बरंच काम अर्धवट असताना. चित्रांत बघावं तर झाडं वाढलेली, तळ्यात बोटी, आणि सगळे झेंडे एकाच दिशेने फडकताहेत. झेंडे हीच माझी खूण. सगळ्यांची दिशा एक असेल तर वारा चित्रकाराच्या टेबलावरचा आहे.

लंडनच्या वेम्बलीचं १९२४ चं ब्रिटिश एम्पायर प्रदर्शन आपल्याला जवळचं. २१६ एकर, २३ एप्रिलला सुरू. ताजमहाल आणि जामा मशिदीचा नमुना समोर ठेवून बांधलेला भारताचा मंडप त्यात होता, आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी रंगवून तयार केलेली ‘इंडियन रूम’ही तिथे मांडली होती. बाहेरून काढलेल्या विहंगम चित्रात तुम्हाला मंडपाचे घुमट दिसतील, खोली दिसणार नाही. छेदाची किंमत अशा वेळी कळते.

वेम्बलीतलीच एक गोष्ट सरावासाठी घ्या, ‘नेव्हरस्टॉप’ रेल्वे. ही गाडी स्टेशनात थांबायचीच नाही, इतकी हळू व्हायची की चालत्या गाडीत माणूस चढावा. ड्रायव्हर नाही. रुळांच्या मध्ये लांबच लांब फिरणारा स्क्रू आणि डब्याखालचं चाक त्याच्या आट्यांत बसवलेलं. स्क्रू एकाच वेगाने फिरतो. स्टेशनापाशी आटे जवळजवळ, त्यामुळे एका फेऱ्यात डबा थोडाच सरकतो. दोन स्टेशनांच्या मध्ये आटे लांब लांब, डबा पळतो. हे शब्दांत वाचून अर्ध्या लोकांच्या डोक्यावरून जातं. आता कागद घ्या आणि स्वतः काढा, आट्यांतलं अंतर कमी-जास्त करून. काढता काढता एक गोष्ट लक्षात येईल. स्क्रू दाखवायचा तर डब्याची तळफळी फोडावी लागते, फळी फोडली की आत बसलेल्या माणसांचे पाय लटकतात, मग पाय कुठे ठेवायचे? जुन्या चित्रकाराने काय लपवलं असेल ते आपल्या हाताने लपवताना जास्त कळतं.

जपणूक आणि हक्क

पान घडी पडलेलं असेल तर इस्त्री करू नका. दोन कोऱ्या, आम्ल नसलेल्या कागदांमध्ये ठेवून वर जड पुस्तकं, आठवडाभर. लॅमिनेशन नाही. फ्रेम केलीच तर उन्हाच्या भिंतीवर नाही. आपल्याकडे पावसाळ्यात काचेला चिकटलेलं पान सोडवणं म्हणजे साल काढणं.

चित्र कुठे छापायचं किंवा वापरायचं असेल तर चित्रकाराच्या मृत्यूचं वर्ष शोधा. भारतात सर्वसाधारण नियम मृत्यूनंतर ६० वर्षांचा, ब्रिटनमध्ये ७०. डेव्हिस १९६३ मध्ये गेले, तेव्हा इथला आणि तिथला हिशेब वेगळा पडतो. सही सापडत नसेल तर घाई नको.

माझ्या त्या पहिल्या पानाची झेरॉक्स अजून टेबलाशेजारी टाचलेली आहे, बॉयलर निळे, चौथ्या धुराड्याभोवती लाल गोल. मूळ पान कपाटात आहे. त्याच्या मधल्या घडीवर एक रुंद पिवळा डाग आहे, तो १९१२ चा नाही. फाटू नये म्हणून मीच चिकटपट्टी लावली होती.